डोहाळे मासळीचे, हिशेब पाऱ्याचा

घरात पोटुशी सून असली की बाजाराला जाणाऱ्याचा हात सैल होतो. तंजावरही त्याला अपवाद नाही. एरवी मत्ती नाहीतर नेथिली घेऊन परतणारा माणूस कीळवासलच्या मासळीबाजारात वंजरमच्या, म्हणजे सुरमईच्या, तुकड्यांपाशी थांबतो आणि भाव ऐकूनही हलत नाही. बाळंतीण घरी आली की मग सुऱ्याची, म्हणजे मुशीची, शोधाशोध. महाग मासा म्हणजे गुणाचा मासा, हा समज चवीपुरता चालून जाईल. पाऱ्याच्या बाबतीत मात्र तो उलटा पडतो, कारण जो मासा मोठा, जुना आणि दुसऱ्यांना खाऊन जगणारा, त्याच्यात पारा जास्त. माया करायची तर ती स्वस्त टोपलीतून करावी, एवढंच या यादीचं म्हणणं.

ही यादी तंजावरात राहणाऱ्या मराठी घरांसाठी आहे. व्यंकोजीराजांच्या काळापासून इथलीच झालेली घराणी, सांगलीकडून गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी तमिळनाडूभर पांगलेली कुटुंबं, बँकेतल्या किंवा हवाई दलातल्या बदलीमुळे आलेली जोडपी, सगळे त्यात आले. माशांची नावं तमिळच ठेवली आहेत, कारण बाजारात तीच लागतात. मराठी नाव शेजारी दिलं आहे.

आधी थोडं कारण

कोळशाच्या धुरातून, खाणींतून, कारखान्यांच्या सांडपाण्यातून पारा पाण्यात उतरतो. तळाच्या गाळातले जिवाणू त्याचं मिथाइल पारा नावाच्या रूपात रूपांतर करतात. ते सूक्ष्म जीवांत उतरतं, सूक्ष्म जीव बारीक माशांच्या पोटात जातात, बारीक मासे मधल्यांच्या पोटात जातात, मधले सुरमई आणि मुशीच्या. दर पायरीला साठा वाढत जातो. हा पारा चरबीत नसतो, मांसातल्या प्रथिनाला चिकटलेला असतो. त्यामुळे कातडी काढून, डोकं टाकून, चिंचेच्या कोळात उकळून किंवा हळद-लसूण चोपडून तो कमी होत नाही. तळताना पाणी उडतं, पारा तिथेच राहतो.

आईच्या पोटात गेलेला मिथाइल पारा जवळजवळ सगळा अंगात शोषला जातो आणि वारेतून बाळाकडे जातो. बाळाच्या रक्तातलं प्रमाण आईच्या रक्तातल्यापेक्षा वर जातं, आणि नेमका त्याच महिन्यांत मेंदू घडत असतो. हे जगाला जपानमधल्या मिनामाता गावाने शिकवलं. चिसो कंपनीच्या कारखान्यातला पारा उपसागरात सोडला जात होता आणि कोळ्यांची घरं तिथलेच मासे खात होती. 1956 मध्ये या आजाराची अधिकृत नोंद झाली. त्या काळी डॉक्टरांचा समज असा की वार विष अडवते. आया वरवर ठीक दिसत आणि मुलं मात्र हातपाय वाकडे, वाचा नाही, अशी जन्मत. पुढे संशोधकांनी त्या मुलांच्या जपून ठेवलेल्या वाळलेल्या नाळा तपासल्या. नाळ डबीत घालून ठेवण्याची रीत जपानी घरांत आहे. त्या नाळांमध्ये मिथाइल पारा निघाला आणि वाद मिटला.

मिनामाताचं प्रमाण भयंकर होतं. आपल्या ताटात तसं काही नाही. म्हणूनच पुढची यादी घाबरून मासे सोडण्यासाठी नाही.

काय करावे

• मासे चालू ठेवा. बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना लागणारं डीएचए नावाचं स्निग्ध द्रव्य, आयोडीन, बी-12 आणि हलकं प्रथिन एकाच घासात देणारे पदार्थ फार नाहीत. सेशेल्स बेटांवरच्या बायका आठवड्यात दहा-बारा वेळा समुद्रातले मासे खात. त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला आणि ठळक अपाय दिसला नाही. याउलट फेरो बेटांवर देवमाशाचं मांस खाणाऱ्या आयांच्या मुलांच्या स्मरणशक्तीवर आणि भाषेवर परिणाम आढळला. फरक पडला तो ताटात कोणता प्राणी होता यामुळे.

• आठवड्याचं माप धरा. अमेरिकेतल्या सरकारी सल्ल्यानुसार गर्भवतीने कमी पाऱ्याचे मासे आठवड्याला 225 ते 340 ग्रॅम खावेत. घरच्या मापाने दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी कच्चं वजन साधारण 115 ग्रॅम, म्हणजे तळहाताएवढा तुकडा. रोज दोन्ही वेळा कुळंबु, म्हणजे कालवण, आणि वर तळलेला तुकडा, हे डोहाळ्यांच्या नावाखाली चालतं. त्याला आळा घाला.

• तळहातात मावणारा मासा निवडा. मत्ती म्हणजे आपली तारली. नेथिली ही मांदेलीच्या जातकुळीतली. कानांगेळुत्ती म्हणजे बांगडा, किळंगान म्हणजे मुडदुशी, मडवै म्हणजे बोय. कारल हा चांदीसारखा चपटा, पाल्कच्या उपसागरात भरपूर मिळणारा. त्याशिवाय इराल म्हणजे कोळंबी आणि नंडु म्हणजे खेकडा. हे सगळे थोडं जगून, बारीकसारीक खाऊन वाढणारे जीव. मल्लिपट्टिणम, सेतुबावाछत्रम, अदिरामपट्टिणम ही जिल्ह्यातलीच किनारपट्टी, त्यामुळे ते ताजे मिळण्याची शक्यताही जास्त.

• पापलेट खायला हरकत नाही. वव्वाल फार मोठा होत नाही आणि शिकारीही नाही. पण पोटुशीला पापलेटच हवा, असा हट्ट नको. गुणात मत्ती त्याच्या पुढे आहे, चौथाईपेक्षा कमी खर्चात.

• नाव विचारून झालं की आकार विचारा. तुकडे करून ठेवलेल्या माशात आकार लपतो. अख्खा मासा बघून, मगच कापून घ्या. तुकडेच मिळत असतील तर वंजरमच्या चकतीची रुंदी पाहा. तळहातापेक्षा रुंद चकती म्हणजे मासा चांगला वयस्क. मधल्या काट्याची गाठ जाड दिसते का, तेही बघा. विक्रेती बाई हसेल, हसू द्या.

• गोड्या पाण्याचे मासे मधूनमधून घ्या. कावेरीच्या खोऱ्यात तळी, कालवे कमी नाहीत. रोहू, कटला, जिलेबी म्हणजे चिलापी, हे शेवाळ-दाणा खाणारे आहेत, पाऱ्याच्या बाबतीत चांगले. विराल म्हणजे मरळ, हा शिकारी आहे. मध्यम आकाराचा, कधीमधी. गावाच्या गटाराचं किंवा कारखान्याचं पाणी मिळणाऱ्या तळ्यातले मासे मात्र घेऊ नका.

• बंदीचे दिवस ध्यानात ठेवा. पूर्व किनाऱ्यावर 15 एप्रिल ते 14 जून ट्रॉलर समुद्रात जात नाहीत. तेव्हा बाजारात बर्फातला साठा आणि लांबून आलेला माल वाढतो. या दिवसांत तळ्यातले मासे, किंवा छोट्या होड्यांनी त्याच दिवशी आणलेले. माहेर कोकणात असेल तर तिकडची बंदी 1 जून ते 31 जुलै असते. त्यामुळे एखादीला दोन्हीकडे बंदीच सापडते.

• पूर्ण शिजवा. मांस पांढरं होऊन काट्यापासून सुटलं पाहिजे. अर्धकच्ची कोळंबी, नुसत्या लिंबात मुरवलेला मासा, कच्चा जपानी सुशी, हे प्रकार या नऊ महिन्यांत बाजूला. इथे कारण पाऱ्याचं नाही, जंतूंचं आहे. लिस्टेरियासारखा जंतू आईला साधा ताप देऊन जातो, बाळाला नाही सोडत.

• लग्नानंतर मूल हवं असं ठरलं की तेव्हापासूनच मोठे मासे कमी करा. अंगातला मिथाइल पारा निम्मा व्हायला साधारण दीड-दोन महिने लागतात. दिवस गेल्याचं कळतं तेव्हा बाळाच्या मज्जासंस्थेचं काम सुरू झालेलं असतं. पाच-सहा महिने आधीपासून जपणं हाच खरा उपाय.

जपून

वंजरम म्हणजे सुरमई. तिच्यावर सरसकट फुली मारणं मला पटत नाही. अमेरिकेत जो किंग मॅकरेल गर्भवतींना टाळायला सांगतात, तो सुरमईच्याच कुळातला, पण वेगळ्या जातीचा आणि अटलांटिकचा. तिकडच्या मोजणीत त्यात किलोला सरासरी 0.73 मिलिग्रॅम पारा निघाला. मत्तीच्या कुळात 0.013. दोन्हींत पन्नास पटींहून जास्त अंतर. आपली सुरमई नेमकी किती, हे त्या त्या माशाच्या वयावर. म्हणून लहान मासा, महिन्यातून एक-दोनदा, आणि त्या आठवड्यात दुसरा मोठा मासा नाही, एवढं पाळलं तरी पुरे.

कोडुवा म्हणजे जिताडा, हाही शिकारी. तळ्यात पाळलेला लहान असेल तर चालेल, समुद्रातला पाच-सहा किलोचा नको. सूरै म्हणजे कुपा, इंग्रजीतला ट्यूना. बाजारात सूरै आणि सुरा हे दोन उच्चार कानाला सारखेच लागतात, म्हणून बोट दाखवून खात्री करा. डबाबंद ट्यूना लहान जातीचा असेल तर आठवड्यातून एकदा ठीक. डब्यावर अल्बाकोर लिहिलं असेल तर त्यात पारा जवळजवळ तिप्पट असतो, तो ठेवून द्या.

करुवाडु, म्हणजे सुकी मासळी, लहान नेथिलीची असेल तर पाऱ्याची चिंता नाही, मिठाची आहे. रक्तदाब चढलेला असेल किंवा पायावर सूज असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

काय टाळावे

• सुरा, कोणत्याही रूपात. सुरा म्हणजे मुशी, मालवण-गोव्याकडची मोरी. कुळंबु, पुट्टू, सुकवलेला तुकडा, माहेरी गेल्यावर मोरीचं मटण, आंबट तीख, सगळं आलं.

इथे एक साधा हिशेब करून बघा. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने मिथाइल पाऱ्याची आठवड्याची सोसवेल अशी मर्यादा वजनाच्या दर किलोला 1.6 मायक्रोग्रॅम ठरवली आहे. बाईचं वजन 55 किलो धरलं तर आठवड्याला 88 मायक्रोग्रॅम. अमेरिकेच्या मोजणीत शार्कमध्ये सरासरी ग्रॅमला जवळजवळ 1 मायक्रोग्रॅम निघतो. म्हणजे 88 ग्रॅम, एका वाटीला जेमतेम पुरेल एवढ्या सुऱ्यात आठवड्याचा कोटा संपला. तेवढाच पारा मत्तीतून घ्यायचा तर साडेसहा किलोंहून अधिक मत्ती खावी लागेल. कोणी खात नाही.

• मयिल मीन, म्हणजे पाठीवर शिडासारखा पर असलेला मोठा मासा. मोठा शीला, म्हणजे लांब तोंडाचा, दातेरी. तिरुक्कै म्हणजे पाकट, तीही मुशीच्याच गोतातली. हे तिन्ही या काळात नकोत.

• माशाच्या यकृताचं तेल मनाने घेऊ नका. कॉड लिव्हरच्या तेलात अ जीवनसत्त्व फार असतं आणि गर्भारपणात ते जादा झालं तर बाळाला बाधतं. मासे न खाणाऱ्या देशस्थ घरांतल्या मुलींनी डीएचए हवं असेल तर शैवालापासून केलेल्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारावं.

• उष्ण म्हणून कोळंबी-खेकडा बंद, आणि ताकद म्हणून सुरा चालू, असा उफराटा नियम पाळू नका. पाऱ्याच्या वहीत कोळंबी अगदी तळाला आहे. अंगावर पुरळ उठत असेल, आधीपासून वावडं असेल, तर गोष्ट वेगळी.

सुरा पुट्टूचं काय करायचं

हा प्रश्न दोन ओळींत उडवून लावता येत नाही. तमिळ घरांत बाळंतिणीला सुरा पुट्टू देतात, दूध येतं म्हणून. पाल सुरा म्हणजे दुधाची मुशी, हे नावच त्या समजुतीतून आलं. इथे चार पिढ्या काढलेल्या मराठी घरांतही तो शिरला आहे. तमिळ शेजारीण डबा घेऊन दारात उभी राहिली तर कोण नाही म्हणणार.

करण्याची रीत बघितली तर त्यातलं खरं औषध कोणतं याचा अंदाज येतो. सुऱ्याचे तुकडे हळद घालून उकडतात, खरखरीत कातडं ओरबाडून काढतात, मांस कुस्करून पाणी पिळून टाकतात. मग तेलात बडीशेप, कढीपत्ता, भरपूर कांदा, हिरवी मिरची, आलं, आणि मुठीने मोजावा इतका लसूण. त्यावर ते कुस्करलेलं मांस परतून परतून कोरडं करतात. काटा नाही, वास नाही, पचायला हलकं, भाताबरोबर दोन घास जास्त जातात. बाळंतिणीला पोटभर प्रथिन मिळालं, पाणी-पेज मिळालं, विश्रांती मिळाली, बाळ वारंवार अंगावर घेतलं, की दूध येतंच. श्रेय सुऱ्याला जातं.

पाल सुरा लहान जातीचा, त्यामुळे त्यात मोठ्या शार्कइतका पारा नसेल, हे खरं. पण कातडं सोलून तुकडे केल्यावर तो पाल सुराच होता की मोठ्या सुऱ्याचं पिल्लू, हे घरात कोणाला ओळखता येतं? आणि पारा दुधातूनही उतरतो, वारेतून जातो त्यापेक्षा कमी, पण उतरतो. म्हणून मोठ्या माशांचे नियम दूध पाजणाऱ्या आईलाही लागू आहेत.

तेव्हा पुट्टू करा, सुरा बदला. मडवै किंवा किळंगान वाफवून काटे निगुतीने काढून, बाकी सगळं तसंच. नेथिलीचा पुट्टू तर इथल्या घरांत होतोच. कारलचं पातळ कुळंबु बाळंतिणीला देण्याची रीतही इथलीच आणि जुनी आहे. ती निवडली तर सासूबाईंचा मानही राहतो. शेजारणीचा डबा आलाच तर एखाद्या घासाने आभाळ कोसळत नाही. बाकीचा घरातल्या पुरुषांनी संपवावा.

माशाबाहेरचा पारा

हा भाग बहुतेक याद्यांत नसतो. मराठी घरांसाठी तो असायला हवा.

• गलाईचं काम चालतं त्या खोलीत पोटुशीने थांबू नये. खानापूर, विटा, आटपाडीकडची कुटुंबं तमिळनाडूत सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात आहेत. बऱ्याच ठिकाणी दुकान खाली, बिऱ्हाड वर. सोनाराच्या केरकचऱ्यातून सोनं वेचायला जिथे पारा वापरतात, तिथे तो तापवला की वाफ होते. तिला वास नाही, रंग नाही. श्वासातून आत गेलेल्या या वाफेतला बहुतेक पारा अंगात राहतो आणि वार ओलांडतो. माशापेक्षा हा धोका सरळ आणि मोठा आहे. भट्टी घरापासून तोडा, किंवा नऊ महिने पोटुशीचं बिऱ्हाड दुसरीकडे हलवा. कामाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नका.

• रसौषधं, भस्मं, सिंदूर-मकरध्वज असलेल्या गोळ्या घेऊ नका. या गावाला औषधांचा मोठा वारसा आहे. दुसऱ्या सर्फोजीराजांनी धन्वंतरी महाल उभारला, तिथे अजमावलेले उपाय तमिळ पद्यांत उतरवून घेतले, आणि सरस्वती महाल ग्रंथालयाने छापलेल्या त्या मालेत गर्भिणी आणि बालरोगांवरचा भागही आहे. वारशाचा अभिमान असावा. पण सिद्ध वैद्यकात पाऱ्याला मोठं स्थान आहे, तेव्हा पुडी कोणाचीही असो, तीत काय आहे हे कळल्याशिवाय तोंडात नाही. पारद शिवलिंगावरचं अभिषेकाचं पाणीही तीर्थ म्हणून पिऊ नका.

• गोरं करणारं बेनामी क्रीम फेका. अकोल्यातल्या एकाच घरातल्या मायलेकींची मूत्रपिंडं बिघडल्याची बातमी 2023 च्या सुरुवातीला आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतल्यावर चेहऱ्याच्या क्रीममधला पारा सापडला. वेष्टनावर घटकांची यादी नसेल, किंवा आठवड्यात गोरेपणाची हमी असेल, तर समजा.

• पाऱ्याचा तापमापक फुटला तर झाडू किंवा व्हॅक्यूम नको. खिडक्या उघडा, पोटुशीला आणि मुलांना बाहेर काढा, थेंब जाड कागदाने गोळा करून झाकणाच्या बाटलीत बंद करा. हा पारा किती काळ पाठ सोडत नाही याचं उदाहरण याच राज्यात आहे. कोडैकानलचा तापमापकांचा कारखाना 2001 मध्ये बंद पडला, आणि दूषित मातीचा वाद त्यानंतर दीड दशकाहून जास्त चालला.

• माहेर ठाणे-कल्याणकडे असेल तर उल्हास नदीच्या खाडीतले मासे रोजचे करू नका. तिथल्या कॉस्टिक सोड्याच्या जुन्या कारखान्यांनी पारा वापरला, आणि तळाच्या गाळात तो शास्त्रज्ञांना सापडला आहे.

आधीच खाऊन झालं असेल तर

सातव्या महिन्यात ही यादी हाती आली आणि मागच्या महिन्यात वंजरम चारदा, सुरा एकदा झाला असेल, तर रात्र जागून काढू नका. पाऱ्याचा परिणाम एका जेवणाचा नसतो, महिनोन्महिन्यांच्या सरासरीचा असतो. पुढच्या आठवड्यापासून लहान मासे सुरू करा. उतारा म्हणून जुलाब, उपास किंवा अंगातला धातू काढतो म्हणणारी गोळी घेऊ नका. साध्या आहारावरच्या बाईला रक्तातला पारा तपासण्याची गरज सहसा पडत नाही. घरात गलाईची भट्टी असेल, पाऱ्याचं औषध घेतलं असेल, तसलं क्रीम लावलं असेल, किंवा रोज मोठा मासा हाच आहार असेल, तर मात्र पुढच्या तपासणीला डॉक्टरांना हे आपणहून सांगा. राजा मिरासदार रुग्णालयाच्या रांगेत तो प्रश्न कोणी विचारेलच असं नाही. क्रीमची डबी आणि औषधाची पुडी पिशवीत टाकून न्या.